चिंधीमावशी आणि नव्या कापडाचा कोट

चिंधीमावशी हे नाव तिच्या तोंडावर घ्यायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की अख्खी गल्ली तेच म्हणे आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणू देत. चिंध्या म्हणे! ज्यांच्या घरातल्या उशांना, खिडक्यांना आणि पोरांच्या ढुंगणांना त्याच चिंध्या झाकतात, त्यांनीच हे बोलावं, याला काय म्हणायचं? अशा वेळी ती शिलाई मशीनचं पायडल जरा जोरात दाबायची, एवढंच. तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा.

दर रविवारी सकाळी ती पुलाखालच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात जाई. तिथे एक गाठोडेवाला बसायचा. घरोघरी फिरून लोकांचे टाकून दिलेले कपडे, चादरी, पडदे गोळा करायचे आणि इथे ढीग लावून विकायचे, हा त्याचा धंदा. तो तिला लांबून पाहिलं की ढिगावरचं चांगलं कापड आपणच खाली ढकलायचा, कारण ही बाई तळाचंच उपसणार आणि वरचं सगळं उधळून ठेवणार हे त्याला अनुभवाने कळलं होतं. ती कापड उजेडाकडे धरून बघे, कुठे विरलंय ते. मग दोन बोटांत चोळे, तिरकं ताणे, वास घेई. एखाद्या पडद्यावर मध्येच गंजाचा डाग असला की त्याच्याकडे असं बघे, जणू तो गाठोडेवाल्यानेच मुद्दाम पाडलाय.

घरी आणलं की पहिलं काम म्हणजे उकळतं पाणी. कुणाच्या अंगावरचं, कुणाच्या अंथरुणातलं, काय माहीत! मोठ्या पातेल्यात ते कापड अस्सं खदखदायचं की नवऱ्याला चहा टाकायला शेगडी मोकळी मिळत नसे. नवरा सरकारी गोदामात वजनकाट्यावर बसायचा. बिचारा निरुपद्रवी माणूस, फक्त सल्ला द्यायची खोड. "अगं, जरा गॅस कमी कर," तो म्हणे. ती नुसतं बघे. तो पेपर उघडून बसे.

आणि गिऱ्हाइकं? गिऱ्हाइकांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. कुणी नवऱ्याची एक जुनी पँट घेऊन यायचं आणि म्हणायचं, "मावशी, यातून मोठ्याची एक चड्डी, धाकट्याची एक, आणि उरलं तर एक पिशवी."

"उरलं तर? अहो, ही पँट आहे, तंबू नाही!"

"पण तुम्हाला जमतं ना, मावशी."

तेच तर दुखणं होतं. जमायचं. मेलं दरवेळी जमायचं! डाग खिशाखाली जायचा, भोक शिवणीत गडप व्हायचं, झिजलेला गुडघा चड्डीच्या आतल्या बाजूला जायचा. शिवणीच्या आत माया, म्हणजे जादा कापड, सोडायची ती नखभर, कारण त्याहून जास्त सोडायला कापडच नसायचं. पिशवीसुद्धा निघायची. मग गिऱ्हाईक खूश होऊन म्हणायचं, "जुन्याचंच तर आहे, त्याची काय एवढी शिलाई घेता?" आणि चिंधीमावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिला एकच लेक. बारकी. चांगली उंच झाली तरी नाव बारकीच राहिलं. बारकीने जन्मल्यापासून अंगावर घातलेलं प्रत्येक कापड आधी कुणाचं तरी काहीतरी होतं. तिचा पहिला अंगरखा एका म्हाताऱ्याच्या सदऱ्यातून निघाला होता, शाळेचा गणवेश दोन गणवेशांच्या चांगल्या भागांतून. लहानपणी तिला ते कळत नव्हतं. कळलं ते मैत्रिणीच्या वाढदिवसाला.

झालं असं की चिंधीमावशीने तिला एक झकास फ्रॉक शिवला होता. पिवळ्यावर तांबडी फुलं, घेर असा की गिरकी घेतली तर छत्री व्हावी. बारकी नटूनथटून मैत्रिणीकडे गेली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीला पडदा होता. पिवळा, तांबड्या फुलांचा. मैत्रिणीची आई हातात बशी घेऊन आली, एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा बारकीकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अगंबाई! याचीच जोडी मी त्या गाठोडेवाल्याला दिली होती की!" पोरं हसून हसून लोळली. त्यानंतर शाळा संपेपर्यंत बारकीला वर्गात पडदा म्हणत.

चिंधीमावशीने तेव्हाही कपाळाला हात लावला होता, पण तो त्या बाईच्या नावाने. "चांगल्या कापडाची जोडी फोडतात मेल्या! दोन्ही पडदे दिले असते तर हा प्रसंगच आला नसता." यात लेकीला काय वाटलं असेल, ते विचारायचं राहून गेलं.

तर अशी ही बारकी, दोन ठिकाणांहून 'कळवतो' ऐकून परत आलेली, तिला शेवटी डोळ्यांच्या दवाखान्यात काम मिळालं. टेबलामागे बसून नावं लिहायची, पेशंटना पुकारायचं, जुन्या फायली काढून द्यायच्या. महिनाभर काम बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते तिथल्या मोठ्या बाई ठरवणार. बारकीला ती नोकरी हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. झोपेतसुद्धा नावं पुकारायची. दवाखान्याचा नियम असा की टेबलावर बसणाऱ्याने करड्या सुती कापडाचा कोट घालायचा आणि दर आठवड्याला तो धुवायचा. कोट ज्याचा त्याने शिवून घ्यायचा.

"करडा ना?" चिंधीमावशी लगेच उठली. "आहे माझ्याकडे. कुणा ताडमाड माणसाच्या दोन पँटी आहेत, इतकं घट्ट विणीचं कापड की..."

"नको," बारकी म्हणाली.

"नको म्हणजे?"

"आई, मला एकदा तरी असं काहीतरी घालायचंय, जे माझ्या आधी कुणीच घातलेलं नाही. एकदाच. मग जन्मभर काय ते पडदे घालीन."

चिंधीमावशी भडकली. कुणी घातलेलं नाही म्हणजे काय? घातलं म्हणून कापड बाटतं का? दुकानातलं नवं कापड म्हणजे नुसती खळ, दोन धुण्यांत त्याचं पोतेरं होतं, असं तिने ऐकवलं. मग लेकीचे लाड बापाने केले म्हणून नवऱ्याला ऐकवलं. नवरा पेपरामागून म्हणाला, "घे की गं एकदा." तेव्हा तर तिने पातेलंच आपटलं. बारकी मात्र एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर चिंधीमावशी जिंकली असती. ती गप्प बसली, म्हणून दुसऱ्या दिवशी हिला नव्या कापडाच्या दुकानात जावं लागलं.

तिथे गेल्यावर तिला काही सुचेना. ठाण उलगडलं, त्यावर डाग नाही, भोक नाही, उसवलेली शिवण नाही. मग बघायचं तरी काय? सवयीने तिने कापड दिव्याकडे धरलं.

"मावशी, नवीन आहे ते," दुकानदार म्हणाला.

"दिसतंय मला."

"पाण्यातून काढून मगच बेता हं. सुती आहे, आटतं."

आता हे म्हणजे फारच झालं. उभा जन्म शिवणकामात गेला आणि हा कालचा पोर हिला शिकवणार! "तुम्ही कापड मोजा," ती म्हणाली. तो सांगत होता त्यापेक्षा वीतभर कमीच घेतलं. एवढ्याशा पोरीच्या कोटाला इतकं कापड लागतं म्हणणारा शिंपी एक तर आंधळा असतो नाही तर उधळ्या.

कापड आटतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कुठल्या शिवणाऱ्या बाईला माहीत नसतं? पण तिच्या हाताला ते माहीत नव्हतं. तिच्याकडे आलेलं प्रत्येक कापड आधी कुणीतरी शंभरदा धुऊन, आटवून, बसवून दिलेलं असायचं. तरीही घरी आल्याबरोबर तिने पातेलं चढवलं, पाण्याला आधण आलं आणि ती कापड बुडवणार, तेवढ्यात बारकी आली.

बारकीने ते कापड उचललं. घडी मोडेल म्हणून हळूच उचललं. गालाला लावलं, मग नाक खुपसून भला मोठा श्वास घेतला. "आई, वास बघ ना! दुकानाचा वास!" तिचे डोळे असे चमकत होते की चिंधीमावशीला तिचं ते पिवळ्या फ्रॉकातलं गिरकी घेणं दिसलं. आता हे पाण्यात घालायचं? खळ जाणार, वास जाणार, ती कडक घडी जाणार, आणि उरणार काय, तर घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कापडासारखं एक कापड. तिने गॅस बंद केला. "गेलं खड्ड्यात," असं काहीतरी पुटपुटली आणि कात्री घेतली.

थोडी जास्त माया सोडू, म्हणजे झालं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण ठरवतं डोकं आणि कापतो हात. हाताला नखभराचीच सवय. अंगाबरोबर, मापात, धाग्याला धागा लावून तिने तो कोट बेतला, आणि उरलेल्या तुकड्यांतून चष्मा पुसायचं फडकंसुद्धा निघणार नाही हे बघून तिला वर अभिमान वाटला.

कोट झाला मात्र देखणा. बारकीने तो घातला आणि आरशासमोरून हलेचना. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. बाप म्हणाला, "डॉक्टरीणच वाटतेस." चिंधीमावशी म्हणाली, "पुरे झालं, चुरगळेल." पण त्या दिवशी तिने मशीनला दोनदा तेल दिलं, आणि दुसऱ्यांदा द्यायचं काही कारण नव्हतं.

पहिला आठवडा छान गेला. मग कोट धुवायची वेळ आली. बारकीने तो स्वतःच धुतला, दाराआड वाळवला, स्वतःच इस्त्री केली. चिंधीमावशी म्हणाली, "आण इकडे, कॉलरला मी करते." तर म्हणे, "नको, झाली." घ्या! आता आईच्या हातची इस्त्रीसुद्धा चालेना.

तिथून पुढे लेकीचं एकेक नवीनच सुरू झालं. सकाळी घरातून निघायच्या क्षणापर्यंत कोट हातावर, उंबऱ्याशी आल्यावर अंगात घालायचा आणि पळायचं. एकदा घरीच घातला, तर वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढीना. "बाबा, जरा देता?" स्वतःचा हात काय झिजतो का? चप्पल घालायला वाकायचं नाही, पायानेच चाचपडत अंगठा शोधायचा. चालायची अशी ताठ, जणू डोक्यावर घागर आहे. आणि संध्याकाळी येऊन लगेच आत जाऊन पडायची. चिंधीमावशीचं डोकं फिरलं.

"बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "चार दिवस टेबलामागे बसली नाही तर केवढी हवा! म्हणून म्हणत होते, नवं कापड नको. अंगावर नवं आलं की माणूस वाकत नाही."

"दमत असेल गं."

"दमते म्हणे! खुर्चीवर बसून?"

बारकीला हे सगळं ऐकू जात होतं. पण तिने ताकास तूर लागू दिली नाही.

महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. बारकी जेवणाचा डबा घरी विसरून गेली. चिंधीमावशीने आधी शिव्या घातल्या, मग चपला घातल्या आणि डबा घेऊन दवाखान्यात गेली. बाकांवर ही गर्दी. डोळ्यांत औषध घातलेली माणसं माना वर करून, डोळे मिटून बसलेली. टेबलामागे बारकी, आणि तिच्या पाठीशी छतापर्यंत फायलींची कपाटं. चिंधीमावशी दाराशीच थांबली. जरा बघू तरी, म्हटलं, आपली लेक कशी काम करते.

एका आजोबांनी जुनी फाईल मागितली. फाईल वरच्या खणात होती. हात वर केला असता तर सहज पोचला असता एवढी बारकी उंच. पण तिने हात वर केला नाही. कोपऱ्यात गेली, स्टूल ओढत आणलं, त्यावर चढली, फाईल काढली, उतरली, स्टूल पुन्हा जागेवर ठेवलं. एवढा वेळ आजोबा उभे. लगेच दुसरी फाईल. पुन्हा स्टूल. मग पेन खाली पडलं, तर ते उचलायला ती अख्खी गुडघ्यांवर बसली.

मोठ्या बाई शेजारच्या खोलीतून हे बघत होत्या. दाराशी आलेली बाई कोण, हे कळल्यावर त्या जवळ आल्या. चांगल्या होत्या हो स्वभावाने. हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे तुमची. पेशंटशी बोलते किती गोड! पण कामाला अंग वळत नाही. एवढीशी फाईल काढायची तर दहा मिनिटं. अशाने इथे निभणार नाही. परवा सांगेन मी तिला."

एरवी कुणी लेकीला असं बोललं असतं तर चिंधीमावशीने त्याची सालटी काढली असती. पण तिचं लक्ष बाईंकडे नव्हतंच. ती कोटाकडे बघत होती. काखेपासून बटणापर्यंत कापडाला चुण्या ओढल्या गेल्या होत्या. बाहीचा मुंढा काखेत रुतला होता. पाठीवरची शिवण अशी ताणलेली की हात वर गेला असता तर टरकन फाटली असती. बाही मनगटाच्या वर चढली होती. कोट आटला होता. आणि आत उसवून सैल करायला नखभर कापडाखेरीज काही नव्हतं. हे जगात कुणाला माहीत नसेल इतकं तिला माहीत होतं.

तिने बारकीला खूण केली आणि जिन्यावर नेलं.

"काढ तो."

"आई, इथे कुठे..."

"काढ म्हणते ना!"

बारकीने कोट काढला. आतल्या शर्टाच्या बाह्या आखूड होत्या. दोन्ही दंडांवर, काखेला लागून, लालभडक वळ उठले होते. एका ठिकाणी तर कातडं सोललं होतं.

चिंधीमावशीला भडभडून आलं आणि तिला भडभडून आलं की ती ओरडायची. "तोंड नाही का तुला? जीभ झडली होती? तीन आठवडे हे अंगात घालून फिरतेस! मी तुला काय काय बोलले, हवा गेली डोक्यात म्हटलं, तेव्हा तरी बोलायचंस! एरवी भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतेस, आणि हे सांगता येत नाही? अगं, उद्या नोकरीवरून काढतील तुला!"

"माहितीये."

"माहितीये? मग बोलली का नाहीस?"

बारकीने कठडा धरला होता. "तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, आई?"

चिंधीमावशीने तोंड उघडलं.

"तू म्हणाली असतीस, बघ, तरी मी सांगत होते, जुनं कापड असतं तर आटलं नसतं," बारकी म्हणाली. "आणि मग पुन्हा कधीच नवं आणलं नसतंस. मला वाटलं, सवय होईल हळूहळू."

 ते वाक्य, अगदी तेच्या तेच, चिंधीमावशीच्या जिभेवर येऊन बसलं होतं. कोट आटलाय हे दिसल्याबरोबर, वळ दिसायच्या आधी, ते तिच्या मनात आलं होतं. वर थोडा आनंदही झाला होता. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं. ते तिने कोटाच्याच बाहीने पुसलं.

आतून कुणीतरी हाक मारली. बारकीने कोट घ्यायला हात पुढे केला. चिंधीमावशीने तो दिला नाही. बगलेत मारला आणि तरातरा आत गेली. बारकी मागून "आई, आई" करत राहिली.

मोठ्या बाई बाकांच्या मधोमध उभ्या होत्या. बाजूला चला, असं म्हणावं असं चिंधीमावशीला एकदा वाटलं. पण बाजूला जाऊन बोलायला तिला हळू बोलता कुठे येत होतं?

"बाई," ती म्हणाली, आणि मिटलेले डोळेसुद्धा तिच्याकडे वळले, "मुलीचं अंग वळत नाही असं म्हणालात. मुलीला काही झालेलं नाही. कोट मी शिवलाय, आणि तो मी बिघडवलाय. नवं कापड न भिजवता बेतलं मी. गल्लीत मला चिंधीमावशी म्हणतात. जुन्या कापडाचं मी काहीही करून देते, पण नवं मला शिवता आलं नाही. दोष माझा आहे. ही मूर्ख कार्टी तो तसाच घालून बसली. दंड बघा तिचे."

बारकीने दंड मागे लपवले. बाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला, वळ बघितले आणि नर्सला मलम आणायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आज बिनकोटाची बसू दे. कोट होईपर्यंत चालेल." आणि जाता जाता, "परवाचं राहू दे."

बाकावरच्या एका बाईने विचारलं, "तुम्ही चादरीची खोळ शिवून द्याल का हो?" चिंधीमावशीने तिच्याकडे असं बघितलं की तिने डोळे पुन्हा मिटून घेतले.

डबा टेबलावर ठेवून ती निघाली. बारकी दारापर्यंत आली. दंडांवर मलम चोपडलेलं, चेहरा लाल.

"सगळ्यांसमोर कशाला बोललीस गं?"

"मग काय कानात सांगू?"

"आता काय करायचं?"

"काय म्हणजे? दुसरा शिवते."

बारकीने विचारलं, "त्या पँटींमधून?"

"नव्या कापडातून!" चिंधीमावशी खेकसली. "नव्या, कोऱ्या, कुणाच्या अंगाला न लागलेल्या. आणि ऐक, या खेपेला घट्ट झाला, सैल झाला, कुठे बोचला, टोचला, नुसता रंग आवडला नाही, तरी त्याच दिवशी बोलायचं. ओरडायचं. घर डोक्यावर घ्यायचं. समजलं?"

"हो."

"काय हो? मला ऐकू नाही आलं."

"हो, आई," बारकी म्हणाली. पण ते तिने इतकं हळू म्हटलं की चिंधीमावशीचं काही समाधान झालं नाही, आणि मागे बाकावरचे आजोबा फाईल मागत होते, म्हणून तिला तो विषय तिथेच सोडून जिना उतरावा लागला.